रुग्णसेविका सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहते. पाटी, फळा, भिडेवाडा आणि रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण टाकणारी माणसे. मीही शाळेत एवढेच शिकले. सातवीनंतर माझे शिक्षण थांबले. लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, की त्या माउलीचा शेवट आपल्या हडपसरलाच, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना झाला. ज्या ससाण्यांच्या माळावर त्यांच्या मुलाने दवाखाना उघडला, त्या माळाच्या बाजूने आपण रोज गाडीतळावर जातो-येतो. आता माळ कुठे दिसत नाही, सगळ्या इमारती झाल्या.

चिटणीसबाईंनी यंदा स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या असे सांगितले, तेव्हा मी हेच निवडले. त्याला कारणही तसेच घडले. आपल्या मंडळाच्या भगिनींच्या चार मुली नर्सिंगच्या शिक्षणाला लागल्या आहेत, आणि एक तर शिकून नोकरीलाही लागली. त्यांत माझी एक पुतणी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी मला हळूच विचारले, की मुलीला लोकांची घाण काढायच्या कामाला कशाला घातले? त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, कारण हातात तिळगुळाचे ताट होते आणि मागे बायकांची रांग होती. ते उत्तर इथे लिहिते. मुलींनी वाचावे, आणि त्यांच्या आयांनी त्याहून अधिक लक्ष देऊन वाचावे. मी काही विद्वान नाही. उणेअधिक सांभाळून घ्यावे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली त्यांचे लग्न जोतीराव फुल्यांशी झाले. त्या नऊ वर्षांच्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुढचे फार कमी जणींना ठाऊक असते. घरी शिकून झाले म्हणजे झाले, असे त्यांनी मानले नाही. शिकवायचे कसे, हे शिकण्यासाठी त्यांनी अहमदनगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंकडे रीतसर शिक्षण घेतले. त्या काळी विवाहित बाईने यासाठी घराबाहेर पडायचे म्हणजे काय, याची आपण कल्पना करावी.

नर्सिंगला गेलेल्या मुलींना मी हे आधी सांगते. आपल्याकडे समजूत अशी, की बाईचा स्वभाव मायाळू असला म्हणजे तिला रोग्याची सेवा आपोआप येते. तसे नसते. ताप किती आहे, नाडी कशी चालते, सलाइनचा थेंब किती वेळाने पडला पाहिजे, कोणते औषध किती द्यायचे, हे मायेने कळत नाही. ते शिकावे लागते आणि पुन्हा पुन्हा करून हातात बसवावे लागते. जी.एन.एम.ची तीन वर्षे किंवा बी.एस्सी.ची चार वर्षे मुलींना लांब वाटतात. पण सावित्रीबाईंसारख्या बुद्धिमान बाईलासुद्धा आधी शिकणारी व्हावे लागले. पहिल्या वर्षी थरथरणाऱ्या हाताची लाज वाटू देऊ नये, आणि जे समजले नाही ते वरच्या सिस्टरला विचारायला तर मुळीच लाजू नये.

१८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या एक जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलीत, अशी हकीकत आहे. भाषणांत ही हकीकत सांगून लोक डोळे पुसतात. मला मात्र तिच्यात एका कामकरी बाईचा शहाणपणा दिसतो. रस्त्यावर त्या भांडत बसल्या नाहीत, घरीही परतल्या नाहीत. तयारी करून निघाल्या. माझ्या पुतणीला मी हेच सांगितले, की ड्यूटीचे कपडे निराळे ठेव, घरी येताना ते निराळ्या पिशवीत आण आणि निराळे धू. तिच्या शिक्षिकेनेही तिला तेच सांगितले होते म्हणे, तेव्हा मला जरा बरे वाटले!

१८५६ साली सावित्रीबाई स्वतः फार आजारी पडल्या आणि नायगावी माहेरी जाऊन राहिल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी भावाने आपली शुश्रूषा किती कष्टाने केली ते कळवले आहे, आणि आपल्यामागे पुण्याला फातिमावर कामाचा भार पडला असेल याची काळजीही केली आहे. हाच भाऊ त्यांना उलट बोलतही होता. तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी हे काय चालवले आहे म्हणून दोष देत होता. दोष देणाऱ्या माणसाच्या हातून औषध घ्यायचे, आणि त्याच्याशी वादही घालायचा! त्यांनी दोन्ही केले. रोगी होऊन पडणे म्हणजे काय, हे त्यांनी असे स्वतः भोगले होते.

पुढे १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी लहान वयात विधवा झालेल्या मुलींचे पुनर्विवाह होत नसत. अशा एखादीचे पाऊल वाकडे पडले, किंवा घरातल्याच कोणी तिच्यावर जबरदस्ती केली, की तिला विहीर जवळ करावी लागे, नाही तर जन्मलेले मूल मारावे लागे. अशांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. या बाळंतिणींचे आणि मुलांचे सगळे सावित्रीबाईंनी पाहिले. त्यांना स्वतःला मूल नव्हते. जिला मूल नाही तिला बाळंतिणीच्या खोलीत कशी वागणूक मिळते, हे आपण बायका जाणतोच. त्यांनी ती खोली आपल्याच घरात केली. इथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी पोटाशी धरला, तोच यशवंत. त्याला दत्तक घेऊन शिकवले आणि डॉक्टर केले.

त्या घरात आलेल्या बायकांपैकी किती जणींची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत? जवळजवळ कोणाचीच नाहीत. त्या बायका निर्धास्तपणे आल्या, कारण इथली गोष्ट बाहेर जाणार नाही याची त्यांना खात्री होती. आमच्यासारख्या शेजारणींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गल्लीतली नर्स मुलगी ड्यूटीवरून आली की आपण तिला विचारतो, अमक्याची सून कशासाठी दाखल आहे, तमक्याला काय निघाले? मुलीने सांगितले नाही तर तिला शिष्ट म्हणतो. शिष्ट म्हटले तर म्हणू दे, पण मुलींनो, सांगू नका. आणि बायांनो, आपणही विचारू नये.

१८७६–७७ च्या दुष्काळात फुले पतिपत्नी व त्यांच्या सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी गावोगाव फिरून अन्नाची सोय केली. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या, हे त्यांच्या पत्रावरून कळते. ती हकीकत मोठी आहे, पण माझा विषय रोग्याच्या सेवेचा, म्हणून पुढे जाते.

१८८८ च्या जुलै महिन्यात जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पैशाची ओढाताण होती. स्नेह्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला होता. पण रात्रंदिवस उशाशी होत्या त्या सावित्रीबाई. जोतीराव काहीसे सावरले आणि डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी अशा स्थितीत डाव्या हाताने लिहून पुरे केले. ते त्यांच्या मागे, १८९१ साली, छापून प्रसिद्ध झाले.

पुस्तकांमध्ये हा भाग एका ओळीत उरकलेला असतो, की पतीची सेवा केली. अर्धांगवायूचे माणूस ज्या घरात झाले आहे, त्या घरच्या बाईला ती ओळ पुरत नाही. आमचे मामंजी अडीच वर्षे अंथरुणाला होते, म्हणून मी अधिकाराने लिहिते. अंग हलत नाही, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नाही तर माकडहाडावर आणि टाचांवर कातडी लाल होते आणि दोन दिवसांत जखम पडते. अंथरुणावर एक सुरकुती राहिली तरी ती टोचते. निजवून पाणी पाजले तर ठसका लागून पाणी छातीत जाते, म्हणून टेकवून बसवायचे, थोडे थोडे द्यायचे, आणि अन्न लुळ्या गालात अडकून राहिले नाही ना ते पाहायचे. लुळा हात उशीवर ठेवायचा. तो धरून माणसाला ओढून उठवायचे नाही, खांदा निखळतो. हे सगळे आम्हाला घरी येणाऱ्या एका सिस्टरबाईंनी शिकवले. त्या आधी मामंजींना त्यांच्या नावाने हाक मारीत, आता कुशीवर वळवते म्हणून सांगत, आणि मगच हात लावीत. मामंजींना बोलता येत नव्हते, तरी त्या सांगितल्यावाचून कधी हात लावीत नसत. कर्त्या पुरुषाला दुसऱ्याने धुवायचे-पुसायचे म्हणजे त्याला मरणाहून वाईट वाटते. तो चिडतो, ताट लोटून देतो. तो राग आपल्यावर नसतो, हे त्या बाईंकडून मी शिकले.

सावित्रीबाईंकडे तर ज्यांनी जन्मभर साऱ्या पुण्याशी झुंज घेतली तो पुरुष लुळा होऊन पडला होता. त्यांचे वय तेव्हा सत्तावन. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे केले, आणि त्या अवधीत रोग्याच्या हातून एक पुस्तक लिहून झाले. मला वाटते, शुश्रूषा चांगली झाली की नाही याची परीक्षा करायची तर ती अशी करावी. रोगी नुसता जगला, की आपल्या कामाला लागला?

याच दिवसांत, ४ फेब्रुवारी १८८९ रोजी, यशवंतरावांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने झाले. सून राधा ही ज्ञानोबा ससाणे यांची मुलगी. अशा रीतीने ससाण्यांशी आणि आपल्या हडपसरशी फुल्यांची सोयरीक झाली.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात घेतले आणि त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. त्यानंतर समाजाचे काम त्या पाहू लागल्या. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

आता प्लेगची हकीकत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि १८९७ च्या सुरुवातीस पुण्यात पसरला. आधी घरात उंदीर पडत, मग माणसाला फणफणून ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ उठे, आणि चारसहा दिवसांत माणूस जाई. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगला सापडला होता. परंतु मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू उडून माणसाला चावते आणि रोग देते, हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवले ते १८९८ साली. म्हणजे सावित्रीबाईंच्या वेळी रोग कोणत्या वाटेने येतो हेच लोकांना ठाऊक नव्हते. रोग फुप्फुसात उतरला तर खोकल्यातूनही लागतो. त्यावर लागू पडणारे औषध तर अर्ध्या शतकानंतर आले. हाफकिन साहेबांनी मुंबईत लस तयार करून स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली ती १८९७ च्या जानेवारीत. ती इतक्या लवकर घरोघर कुठून पोचणार? फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. रोग्याला घरातून उचलून नेतील या धास्तीने लोक रोगी लपवू लागले. लपवला की घरातल्या सगळ्यांना धोका होई.

सावित्रीबाईंचे वय सहासष्ट होते. यशवंतराव लष्करात डॉक्टर होते. त्यांना त्यांनी रजा काढून बोलावून घेतले आणि गावाबाहेर मोकळ्या हवेत, हडपसरला ससाण्यांच्या माळावर, दवाखाना उघडायला लावला. हा विचार किती शहाणपणाचा होता पाहा. दाटीच्या पेठेत दवाखाना न काढता त्यांनी माळ निवडला. रोगी आणायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांच्याकडे त्या आधी जात.

त्यांना धोका कळत नव्हता असे कोणी समजू नये. सत्यशोधक समाजातले त्यांचे जुने सहकारी, मुंबईचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, प्लेगच्या रोग्यांसाठी झटताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच वारले होते. ही बातमी सावित्रीबाईंच्या कानी आली नसेल असे होणार नाही. तरी त्या गेल्या.

मुंढव्याला, त्या काळी महारवाडा म्हणत त्या वस्तीत, पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. मुंढवा ते हडपसर ही वाट आपल्या पायाखालची आहे. आज रिक्षाने दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि मगरपट्ट्याजवळ गाड्या तुंबल्या तर तासही लागतो. त्या वेळी शेताच्या बांधावरून चालत यायचे. तापाने फणफणलेल्या त्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. सहासष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीवर, खांद्यावर मान टाकलेला मुलगा! हातमोजे नव्हते, नाकाला मास्क नव्हता. त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री नऊ वाजता त्या गेल्या. तीनच दिवसांनी, १३ मार्चपासून, रँडसाहेबांच्या हुकुमाने गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरोघर झडत्या सुरू केल्या.

माझ्या पुतणीच्या आईने ही हकीकत ऐकली आणि ती घाबरली. मुलीला हेच करायला लावायचे का, असा तिचा प्रश्न होता. हा प्रश्न मला रास्त वाटतो आणि भाषणांतून तो कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे आहे. सावित्रीबाईंनी रोग्याजवळ जाणे सोडले नाही, एवढे मुलींनी घ्यावे. उघड्या हाताने जाणे घेऊ नये. त्या उघड्या हाताने गेल्या कारण त्या वेळी दुसरे साधनच नव्हते. रस्त्यातल्या शेणासाठी जादा लुगडे बाळगणारी बाई साधन असते तर ते वापरल्याशिवाय राहिली नसती. तेव्हा प्रत्येक रोग्यानंतर हात धुवा, सुई वापरल्यावर तिला पुन्हा टोपण लावू नका, टोचण्या वेळेवर घ्या, आणि हातमोजे संपले असतील तर वरिष्ठांकडे मागा, नुसत्या हाताने काम उरकू नका. मागणे हा उद्धटपणा नव्हे. आईबापांनीही नोकरी पाहताना पगाराबरोबर हे विचारावे, आणि रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय आहे तेही विचारावे.

२०२० साली आपण हे सर्व पुन्हा पाहिले. ९ मार्चला पुण्यात करोनाचे पहिले रोगी सापडले आणि त्यांना नायडू हॉस्पिटलात ठेवले. दुसऱ्याच दिवशी सावित्रीबाईंची पुण्यतिथी होती. त्या वर्षी सिस्टर मुली प्लास्टिकच्या झग्यात तासन् तास घामाने भिजत उभ्या राहिल्या, पाणी प्यायला सवड नाही. आपण गच्चीवर थाळ्या वाजवल्या. पण काही शहरांत घरमालकांनी नर्सेसना खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. शेण टाकणाऱ्यांना आपण नावे ठेवतो, तेव्हा हेही आठवावे.

सावित्रीबाईंच्या मागे थोड्याच वर्षांत पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना नर्सचे शिक्षण देण्याची सोय केली आणि त्या ससून हॉस्पिटलात शिकू लागल्या. तेव्हाही भल्या घरच्या बायकांनी परक्या पुरुषाला हात लावायचा का, म्हणून टीका झालीच. हळदीकुंकवाला मला विचारणाऱ्या भगिनींनी राग मानू नये, पण तो प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

यशवंतरावांनी आई गेल्यावर डॉक्टरकी सोडली नाही. पुढे प्लेगच्या साथीतच तेही गेले. मुंढव्याचा तो मुलगा मात्र वाचला, असे सांगतात.

येत्या १० मार्चला संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या खोलीत सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आहे. नोकरीला लागलेल्या मुलीची त्या दिवशी रात्रपाळी आहे, तिला येता येणार नाही. तिचा डबा माझ्याकडून जाईल.